दोन तारांच्या घरात तीन फेजांची मोटर

शहापूर भागातून एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र चार पानी आहे. त्यातील पहिली तीन पाने संसाराची आहेत व चौथे मोटरीचे. त्यांचे यजमान उद्यमबागेतील एका कारखान्यात टर्नर होते. नोकरीत असतानाच त्यांनी एक जुना राजकोटी लेथ विकत घेतला, भाड्याच्या गाळ्यात बसविला आणि सुट्टीच्या दिवशी बुश, पिना, पंपाचे शाफ्ट अशी किरकोळ कामे केली. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. गाळ्याचे भाडे परवडेना, म्हणून लेथ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवला. मुलगा आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडला आहे. हात चांगला आहे असे त्याचे मास्तर म्हणतात. अडचण एवढीच की गाळ्यात तीन फेजांची वीज होती, घरी दोन तारांची आहे. भंगारवाला वजनावर लेथ मागतो आहे. एक वायरमन म्हणतो, "कंडेन्सर लावून देतो, उद्या चालू." दुसरा म्हणतो, मोटर बदलल्यावाचून गत्यंतर नाही. "आम्ही कोणाचे ऐकावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

या सदराकडे असे प्रश्न वारंवार येतात. कोणाकडे घरचा माग असतो, कोणी बंद पडलेली पिठाची गिरणी लिलावात घेतलेली असते, कोणाला मामांनी वर्कशॉपमधले ड्रिलिंग मशीन दिलेले असते. यंत्र धडधाकट, करणारा हात तयार, आणि मधे वीज आडवी. आपल्या भागाला या गोष्टीचे नवल वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेव्हापासून या गावाने लोखंडाशी नाते तोडलेले नाही. शहापूर, वडगाव, खासबाग या बाजूंना आजही घरांतून मागांचा खटखटाट ऐकू येतो. घर आणि कारखाना यांच्यामध्ये आपल्याकडे पुष्कळदा एक भिंतच काय ती असते. म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी हे पाहू की तीन फेजांच्या मोटरीला दोन तारा का पुरत नाहीत. ज्यांनी पायाचे शिवणयंत्र चालविले आहे त्यांना हे समजावयास मुळीच कठीण नाही. पायटा वर-खाली होतो, दांडी चाकाला ढकलते, चाक फिरते. परंतु पायटा अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला थांबलेला असला तर कितीही जोराने पाय दाबा, चाक जागचे हलत नाही. म्हणून शिवणारी बाई उजव्या हाताने वरचे चाक जरासे ढकलते, मग पाय लावते. उलट दिशेला ढकलले तर यंत्र उलटे फिरते आणि दोरा तुटतो. एकदा वेग आला की मात्र चाकाच्या जडपणामुळे ती अडचणीची टोके आपोआप ओलांडली जातात. घरच्या दोन तारांतून येणारी वीज ही अशी एका पायट्याची वीज आहे. ती सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते, पण मोटरीत फिरणारे चुंबकीय क्षेत्र उभे करीत नाही. नुसते जागच्या जागी धडधडणारे क्षेत्र उभे करते. तीन फेजांची मोटर तिला जोडली तर ती हुंकार देते, तापते, पण उठत नाही. कोणी पट्टा धरून हिसका दिला तर ज्या दिशेला हिसका दिला त्या दिशेला ती फिरू लागते.

आता अशी कल्पना करा की त्याच चाकाला तीन पायटे आहेत आणि तीन माणसे एकमेकांच्या तृतीयांश फेरा मागेपुढे पाय चालवीत आहेत. मग चाक कोठेही थांबलेले असो, कोणाचा ना कोणाचा पाय नेमका जोरात असतो. हात लावावा लागत नाही, दिशा चुकत नाही, धक्का बसत नाही. तीन फेज म्हणजे हेच. इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ च्या सुमारास आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये फिरत्या क्षेत्राची ही युक्ती स्वतंत्रपणे मांडली. १८८९ मध्ये दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या रशियन गृहस्थांनी जर्मनीत काम करीत असता तिला तीन फेजांचे आजचे रूप दिले, आणि दोनच वर्षांनी लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर अशी वीज नेऊन दाखविण्यात आली. आजच्या लेथखालची मोटर मूलतः तीच आहे. तिच्यात ब्रश नाहीत, फिरत्या भागाला तार जोडलेली नाही. बेअरिंग आणि वाइंडिंग शाबूत असले की ती दोन पिढ्या चालते. भंगारवाल्याला हे ठाऊक असते, आणि म्हणूनच तो ती वजनावर मागतो.

हाच मुद्दा घरच्या पंख्यात पाहावयास मिळतो. पंखाही एका फेजवर स्वतःहून उठू शकत नाही; त्याच्या टोपीखाली अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक छोटा कपॅसिटर असतो, तो दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह पुढे सरकवून खोटा का होईना एक दुसरा पायटा तयार करतो. कपॅसिटर म्हातारा झाला की पंखा मंद होतो आणि काठीने ढकलावा लागतो, हे बहुतेक घरांनी अनुभवलेले आहे. मोटर घरच्या विजेवर चालविण्याचे सर्व मार्ग हे याच युक्तीचे लहानमोठे अवतार होत.

मार्ग निवडण्यापूर्वी मोटरीच्या अंगावरची पत्र्याची पाटी घासूनपुसून वाचावी. आमच्या मते निम्मे उत्तर तेथे असते, आणि मिस्त्री घाईत असले की तीच वाचली जात नाही. पाटीवर अश्वशक्ती, दाब, प्रवाह, फेरे आणि 'स्टार' की 'डेल्टा' हे लिहिलेले असते. आपल्याकडे साधारणपणे तीन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये आणि त्यावरच्या डेल्टामध्ये बांधलेल्या असतात. स्टार म्हणजे तीन वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र बांधून उरलेल्या तीन टोकांना वीज देणे. डेल्टा म्हणजे तिन्ही वेटोळी एकापुढे एक जोडून त्रिकोण करणे. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट दिले तरी एकेका वेटोळ्यावर प्रत्यक्षात २४० च पडतात. म्हणजे तेच वेटोळे डेल्टात जोडले तर घरच्या २३०-२४० व्होल्टवर ते आपल्या हक्काचे पूर्ण अन्न खाते. मोटरीच्या डबीत सहा खिळे असतील तर हा बदल म्हणजे तीन पितळी पट्ट्यांचे काम आहे: स्टारमध्ये त्या एका ओळीत आडव्या असतात, डेल्टात तीन उभ्या बसतात. त्याबरोबर पाटीवरचा प्रवाहाचा आकडा पावणेदोनपट होतो हे विसरू नये. एक अश्वशक्तीची मोटर ४१५ वर सुमारे १.८ अँपिअर घेत असेल तर डेल्टात २४० वर ती ३.१ च्या घरात घेईल. मोटर तीच, ताकद तीच.

जुन्या मोटरींत पुष्कळदा तीनच तारा बाहेर आलेल्या असतात आणि स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये पुरलेली असते. अशी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी आणि "गाठ उघडून सहा टोके बाहेर काढून द्या" एवढेच सांगावे. चांगला कारागीर ते पूर्ण रिवाइंडिंग न करता करतो. पाटीवर '४१५ डेल्टा' असेल, म्हणजे मोटर पाच-साडेसात अश्वशक्तीची असेल, तर घरच्या विजेवर ती पूर्ण जोमाने चालविण्याचा स्वस्त मार्ग नाही. ती विकून दीड-दोनची घेतलेली बरी. घरच्या कामाला मोठ्या मोटरीचा फार तर आवाज जास्त.

आता पहिल्या वायरमनचा कंडेन्सर. या जोडणीला चार्ल्स स्टाइनमेट्झ या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या विद्युत्तज्ज्ञाचे नाव आहे. मोटर डेल्टात जोडावयाची, दोन कोपऱ्यांना घरची फेज आणि न्यूट्रल द्यावयाची आणि तिसरा कोपरा कपॅसिटरमधून त्यांपैकी एकाला जोडावयाचा. कपॅसिटर फेजकडे जोडला तर मोटर एका दिशेला फिरते, न्यूट्रलकडे जोडला तर दुसऱ्या. हिशेब सोपा आहे: दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड. अर्ध्या अश्वशक्तीच्या ड्रिलिंग मशीनला २५ च्या आसपास, दोन अश्वशक्तीच्या लेथला १०५ च्या आसपास. हा कपॅसिटर सतत चालणाऱ्या जातीचा आणि ४४० व्होल्टचा असावा, कारण त्याच्यावर घरच्या दाबापेक्षा जास्त दाब चढू शकतो. सुरू करताना जोर लागत असेल तर त्याच्या दुप्पट क्षमतेचा आणखी एक कपॅसिटर दोन-तीन सेकंदांपुरता जोडावा व मोटर उठताच सोडावा. हा दुसरा बहुधा काळ्या डबीतला, केवळ क्षणभराच्या कामाचा असतो. तो जोडलेला राहिला तर फुटतो, आणि फुटताना कोणाच्या तोंडाकडे पाहून फुटत नाही.

कंडेन्सरने मोटर चालते, हे खरे. परंतु 'उद्या चालू' म्हणणारा माणूस परवाचे सांगत नाही. अशा जोडणीत मोटरीची ताकद पाटीवरच्या दोनतृतीयांशाच्या आसपास मिळते. सुरू होतानाचा जोर तर फारच कमी असतो. पट्टा घट्ट, गिअरमध्ये थंडीतले तेल, जड चक, अशी लेथची सकाळ असेल तर मोटर नुसती गुरगुरते. तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते: कपॅसिटर भरल्या भाराला मोजून लावला तर मोटर रिकामी फिरताना एका वेटोळ्यातून गरजेपेक्षा जास्त प्रवाह जातो. म्हणजे ती काम करताना गार आणि आराम करताना गरम! पाण्याच्या पंपाला किंवा पंख्याला हे चालते, कारण त्यांचा भार सकाळपासून रात्रीपर्यंत सारखा. लेथवर मात्र माप घेणे, टूल बदलणे, चहा पिणे यांत मोटर निम्मा वेळ रिकामी फिरते. म्हणून कंडेन्सर आम्ही ड्रिल, ग्राइंडर, लहान पंप यांनाच सुचवितो, आणि तोही हिशेबापेक्षा थोडा कमीच.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. शेतावर तिन्हीपैकी एक फेज गेला की शेतकरी कंडेन्सर लावून पंप चालवितात, हे पाहून पुष्कळांना वाटते की घरीही तोच डबा आणून लावला की झाले. शेतावर दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट हजर असतात. घरी फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०. तेथली स्टार मोटर तशीच चालेल, येथली चालणार नाही. आणि याहून वाईट युक्ती म्हणजे शेजारच्या घरात दुसरा फेज आहे म्हणून भिंतीवरून तार ओढून घेणे. आपण बोर्डाचे बटण बंद केले तरी त्यांच्या घरची तार जिवंतच राहते. वायरमन आपला फ्यूज काढून निर्धास्तपणे हात घालतो, आणि मग रडण्याची वेळ दोन्ही घरांवर येते. असे कोणी सुचविले तर त्याला चहा देऊन परत पाठवावे.

दुसरा एक जुना मार्ग मोठ्या खटाटोपाचा, पण मजेदार आहे. एक तीन फेजांची मोटर कंडेन्सरच्या मदतीने रिकामीच फिरवत ठेवावयाची. ती फिरू लागली की तिच्या तिसऱ्या टोकावर आपोआप तिसरा फेज तयार होतो, कारण फिरणारी मोटर अर्धी जनित्रच असते. तीन टोकांवरून इतर यंत्रे चालवावयाची. ही मधली मोटर सर्वांत मोठ्या यंत्राच्या दीडपट तरी असावी लागते. ज्याच्याकडे लेथ, शेपर, मिलिंग अशी चार यंत्रे आहेत आणि एक जादा मोटर धूळ खात पडली आहे, त्याला हे परवडते. पण ती मोटर दिवसभर घोंघावते, फुकटची वीज खाते, आणि दाब मात्र घरचाच देते. तेव्हा डेल्टाची अट येथेही सुटत नाही. एका लेथसाठी हा हत्ती पोसण्याचे कारण आम्हास दिसत नाही.

दुसऱ्या वायरमनचा सल्ला, म्हणजे मोटर बदलून सिंगल फेजची घालणे, हा वाईट नाही. फक्त लेथवर तो मन मारून स्वीकारावा लागतो. सिंगल फेज मोटर फिरता फिरता एकदम उलटी करता येत नाही, ती थांबण्याची वाट पाहावी लागते. आटे पाडणाऱ्याला ते जाचते. वारंवार चालू-बंद केले की तिचा आतला स्विच आणि कपॅसिटर जातात. तिच्या जोरात जी बारीक धडधड असते ती शेवटच्या नाजूक कापात पृष्ठभागावर उमटते, अशी चांगल्या टर्नरांची तक्रार असते. पिठाच्या घरगुती गिरणीला मात्र हाच मार्ग सर्वांत सुटसुटीत. पीठ काही आरशासारखे चकचकीत लागत नाही.

आता उरला तो मार्ग, जो आमच्या मते या भगिनींसाठी योग्य आहे. त्याला बाजारात व्हीएफडी किंवा नुसते ड्राइव्ह म्हणतात. शिधापत्रिकेच्या डब्याएवढी ही पेटी घरची एका फेजची वीज आत घेते, तिची सरळ वीज करते (त्या वेळी आतला दाब सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतो) आणि मग सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून तिच्यातून हुबेहूब तीन फेज तयार करून देते. येथे खोटा पायटा नाही. तिन्ही पाय खरे आहेत. मोटरीची पूर्ण ताकद मिळते. सुरुवातीला थेट जोडलेली मोटर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सातपट ओढते आणि घरचे दिवे डोळे मिटतात. ड्राइव्ह मोटरीला हळूहळू उचलते, त्यामुळे स्वयंपाकघरातील मिक्सरलाही कळत नाही. शिवाय पट्टा न बदलता वेग कमी-जास्त करता येतो आणि बटणावर दिशा फिरविता येते. एका फेजवर चालणाऱ्या अशा ड्राइव्ह तीन अश्वशक्तीपर्यंत सहज मिळतात.

ती घेताना दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: 'एक फेज आत, तीन फेज बाहेर' आणि मोटरीचा डेल्टातला अँपिअरचा आकडा. ड्राइव्ह घरचे २३० व्होल्ट ४१५ करीत नाही. "ड्राइव्ह बसविली पण लेथ दम धरत नाही," असे सांगणाऱ्यांच्या मोटरीत डबी उघडली तर बहुधा स्टारच्या आडव्या पट्ट्या तशाच सापडतात. त्या स्थितीत मोटरीला जोर एकतृतीयांशच मिळतो. पट्ट्या उभ्या करताच लेथ सुधारतो, आणि दुकानदाराला उगाच लागलेले बोल परत घ्यावे लागतात.

बसविण्याच्या काही खुब्या आहेत. लेथवरचा जुना स्टार्टर काढून टाकावा. त्याचे कॉइल ४१५ व्होल्टचे असते, ते घरच्या विजेवर पकडतच नाही. आणि पकडले तरी ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये उघडझाप करणारा कोणताही स्विच नको, चालू ड्राइव्हच्या तोंडची तार तोडली तर आतले भाग जळू शकतात. चालू, बंद, उलट ही बटणे ड्राइव्हच्या बारीक खिळ्यांना जोडावयाची असतात. लोखंडाचा चुरा हा ड्राइव्हचा शत्रू. म्हणून ती लेथच्या डोक्यावर नको, भिंतीवर, झाकणाच्या पेटीत, पण हवा खेळेल अशी बसवावी. आपल्याकडचा पावसाळा आणि पत्र्याची शेड यांचा विचार करून ती गळतीच्या रेषेत येणार नाही हे भर जुलैत नव्हे तर आताच पाहावे. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दाब काही मिनिटे राहतो. झाकण उघडण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे. साध्या कंडेन्सरच्या जोडणीलाही हाच नियम, तेथे तर तो साध्या तारेच्या बल्बमधून रिकामा केल्याशिवाय बोट लावू नये.

मंद वेगाचा मोह आवरावा. मोटरीचा पंखा तिच्याच दांडीवर असतो; वेग निम्म्याहून खाली नेऊन जड काप घेत राहिले तर पंखाही मंद होतो आणि मोटर भाजते. मंद वेग हवा असेल तर पट्टा आणि गिअर आहेतच. तसेच एकदम थांबविण्याचा आणि एकदम उलटविण्याचा मोह. ज्या लेथचा चक आट्यांवर फिरवून बसविलेला असतो, त्याचा स्पिंडल झटक्याने थांबला किंवा उलटला तर चक स्वतःच्या जडपणाने सुटून बाहेर येऊ शकतो. वीस-पंचवीस किलोचे फिरते लोखंड मोकळे सुटणे म्हणजे काय, हे टर्नरच्या मुलाला सांगावयास नको, परंतु ड्राइव्हचे बटण इतके हलके असते की बोट चुकते. थांबण्याचा वेळ पाच-सहा सेकंदांचा ठेवावा.

आता घरच्या तारांबद्दल. दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराला ड्राइव्हमधून घरच्या विजेचे चौदा-पंधरा अँपिअर घेऊ शकते. भिंतीवरचा १६ अँपिअरचा पॉइंट त्याला कसाबसा पुरतो, पण त्याच तारेवर गीझर किंवा इस्त्री असेल तर पुरत नाही. मीटरजवळच्या बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र, ओली राहणारी अर्थिंग, एवढे करावेच. लेथची बॉडी, मोटर आणि ड्राइव्ह तिन्ही त्या अर्थिंगला बांधावीत. गळती पकडणारा आरसीसीबी ड्राइव्हमुळे कधी कधी उगाच पडतो. तेव्हा तो काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नये. ड्राइव्हला चालेल असा आरसीसीबी मिळतो, तो विचारून घ्यावा. शेड ओलसर, पाय अनवाणी आणि घरात लहान मुले, अशा ठिकाणी तो पैशांच्या हिशेबाने काढण्याची वस्तू नव्हे.

कायद्याचाही एक कोपरा आहे. आपला लेथ दुरुस्तीपुरता चालविणे वेगळे आणि घरच्या मीटरवर गिऱ्हाइकांची कामे घेणे वेगळे. विजेच्या २००३ च्या कायद्यातील कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुपटीने होते. तेव्हा पैसे घेऊन काम सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीच्या उपविभागीय कचेरीत जाऊन शेडसाठी वेगळे मीटर मिळेल का, मंजूर भार किती वाढवावा लागेल आणि तीन फेजांची जोडणी घेतली तर किती खर्च येईल, हे तिन्ही लेखी विचारावे. फॉर्म कानडीत असला आणि वाचता येत नसेल तर शेजाऱ्यांकडून पूर्ण वाचून घ्यावा, मगच सही करावी. तीन फेज घरापर्यंत येणे परवडण्यासारखे निघाले तर ड्राइव्हवर खर्च करण्यापूर्वी तो आकडा हाती असलेला बरा. खांब लांब असेल, अनामत मोठी असेल, तर ड्राइव्ह आहेच. आणि उद्या तीन फेज आलेच तर मोटरीच्या पट्ट्या पुन्हा आडव्या करून ती आपल्या मूळ घरी परत जाते.

या भगिनींना आम्ही असे कळविले आहे की लेथ वजनावर देऊ नये. मोटरीचे खिळे आणि पाटी मुलाने पाहून आम्हांस कळवावे. त्याला महिन्याकाठी कामे किती मिळतील हे आम्ही येथे बसून सांगू शकत नाही, ते उद्यमबागेतील त्याच्या वडिलांचे जुने सोबती सांगतील. त्यांच्याकडे मुलाने स्वतः जावे, आईने नव्हे. काम नाहीच असे दिसले तरी चालता लेथ आणि बंद लेथ यांच्या किमतीत फार अंतर असते. विकावयाचाच तर फिरवून दाखवून विकावा.

पहिल्या दिवशीचे एवढे सांगून थांबतो. पट्टा काढून मोटर एकटीच अर्धा तास फिरवावी. ड्राइव्हमध्ये दाब २३०, वेग ५०, पाटीवरून काढलेला डेल्टाचा प्रवाह आणि उचलण्याचा वेळ पाच सेकंद, हे आकडे भरावेत. दिशा उलटी निघाली तर मोटरीच्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल कराव्यात, अर्थात वीज बंद करून दहा मिनिटांनी. बॉडीवर हात ठेवून पाहावा: कोमट चालेल, हात ठेववेनासा झाला तर बंद करून जोडणी तपासावी. मग पट्टा चढवून, चक रिकामा, सर्वांत कमी वेगाच्या गिअरमध्ये दहा मिनिटे. गाळ्यातून शेडमध्ये आणताना लेथ हलला आहे, म्हणून लेव्हल पुन्हा लावल्याशिवाय पहिला काप घेऊ नये. जुने तेल मात्र त्याआधीच बदलावे. दोन वर्षे उभ्या असलेल्या गिअरबॉक्समध्ये पाणी उतरलेले असते.